खिडकीवाली बाई

स्टुडिओची अख्खी शेड हसली. नुसती हसली नाही, खदाखदा हसली. तालमीतली पोरं मांडीवर थापा मारून हसली, टांगेवाले एकमेकांच्या अंगावर रेलून हसले, आणि माझ्या शेजारी जाजमावर बसलेल्या माझ्या सासूबाई, अक्काताई, पदरानं डोळे पुसत हसल्या. पडद्यावर आमची विनोदी नटी बयाबाई म्हणाली होती, "अहो, एवढी खिडकी उघडा की. मला आत कोंडतंय." एवढंच. चंद्राकडं निघालेल्या यानात बसलेल्या एका अडाणी बायकोनं आपल्या शास्त्रज्ञ नवऱ्याला म्हटलेलं एक वाक्य. कुणाला हसू येणार नाही? यानाची खिडकी का कुठं उघडायची असते? मला मात्र हसू आलं नाही. कारण ते वाक्य बयाबाईचं नव्हतं. माझं होतं. शब्द न् शब्द माझं. मी ते एकाच माणसाला म्हटलं होतं, आणि तो माणूस मागं सिनेमाच्या यंत्राशेजारी अंधारात उभा राहून लोकांचं हसणं ऐकत होता.

तो माणूस म्हणजे माझा नवरा, श्रेणिक. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'हे' म्हणतात, आणि मीही इतकी वर्षं तेच म्हणत आले. पण हे सगळं सांगताना माझ्या तोंडातून 'हे' निघतच नाही, त्याला मी काय करू? श्रेणिकच म्हणते. बघू कुणाचं काय वाकडं होतं ते. तर श्रेणिक हंबीररावांच्या स्टुडिओत कथा आणि संवाद लिहायचा. संस्थान विलीन होईपर्यंत हंबीररावांचे सगळे देव पडद्यावर आणून झाले होते, राजेही संपत आले होते, तेव्हा त्यांना चंद्र सुचला. इंग्रजी सिनेमे जसे तुकड्यातुकड्यानं यायचे आणि लोक पुढच्या तुकड्यासाठी जीव टाकायचे, तसा मराठीत एक करायचा, शास्त्रीय करायचा, भागाभागानं दाखवायचा. नाव 'चंद्रमोहीम'. त्या दुपारी पहिल्या भागाची पारख होती. पारख हा हंबीररावांचा शब्द आणि रीतही त्यांचीच. चित्र थिएटरात जायच्या आधी ते पेठेतल्या माणसांना शेडमध्ये बोलवायचे, झरोक्यांना पोती लावून अंधार करायचे आणि स्वतः पडद्याकडं पाठ करून, लोकांकडं तोंड करून बसायचे. चित्र नाही, तोंडं बघायची. लोक हसले की तो तुकडा राहणार. लोक खोकायला लागले, पान काढून चुना लावायला लागले, की तिथं कात्री. त्यांच्या कात्रीला दोनच गोष्टी कळायच्या, हसणं आणि खोकणं. आणि त्या दिवशी बयाबाईच्या वाक्यावर हंबीरराव खुर्चीतून अर्धे उठले, हात वर केला आणि यंत्रवाल्याला ओरडून म्हणाले की ते पुन्हा दाखव. त्यानं रीळ मागं फिरवलं. बयाबाई पुन्हा म्हणाली. शेड पुन्हा हसली.

खरं सांगायचं तर त्याआधीही मी धुमसतच होते, पण ते धुमसणं वेगळं होतं, रोजच्यातलं होतं. मी मुलींच्या हायस्कुलात शास्त्र शिकवते. बी.एस्सी. होऊन आले या घरात. चंद्रावर हवा नसते हे श्रेणिकला मीच सांगितलं होतं, एकदा नाही, शंभरदा. भांडी घासताना सांगितलं, केस विंचरताना सांगितलं. हवा नसते म्हणून आवाज नसतो, हवा नसते म्हणून पदर उडत नाही. तो मान हलवायचा, असं का, असं का, म्हणायचा. आणि पडद्यावर काय, तर चंद्रावरच्या राणीचा पदर फडफडतोय आणि मागं सनई वाजतेय. कपाळ माझं! चंद्र म्हणजे मसाईचं पठार होतं, आमच्या पन्हाळ्यापलीकडचं. काळा कातळ, त्यावर चुन्याची फक्की टाकलेली. लांब कोपऱ्यात कुणाची तरी म्हैस चरत होती, ती तशीच राहिली होती. आणि ते यान! गुऱ्हाळातली मोठी काहिल, ज्यात रस आटवून गूळ करतात ती, एक उलटी, एक सुलटी, मध्ये पत्रे ठोकून त्याला चंदेरी रंग दिलेला. लोकांनी ती लगेच ओळखली. ही आमच्या बाळासोच्या गुऱ्हाळातली काहिल हाय, असं कुणीतरी अंधारात म्हणालं आणि बाळासो कुठल्या तरी कोपऱ्यातून अभिमानानं व्हय म्हणाला. मला या सगळ्याचा राग येत होता, पण तो घरी गेल्यावर बोलून टाकायचा राग होता. मनात मी यादी करत होते की हे चुकलं, ते चुकलं. आणि मग बयाबाई तोंड उघडून ते बोलली. त्यानंतर चंद्रावर हवा होती की नव्हती याचं मला काही सोयरसुतक उरलं नाही.

माझी आई मी लहान असतानाच गेली, म्हणून माझं बाळंतपण माहेरी झालं नाही, इथंच झालं, सासरी, मधल्या घराच्या मागच्या खोलीत. त्या खोलीला एक खिडकी होती. अक्काताईंनी तिच्यात वाकळ कोंबली होती, आणि वाकळीच्या कडेनं राहिलेल्या फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या. बाजल्याखाली शेगडी. शेगडीत ओवा, वावडिंग, शेपा, काय काय टाकून धुरी चाललेली. कानाला फडकं, डोक्याला फडकं, आणि वर दिवा सतत जळतोय. त्या एवढ्याशा खोलीत तो धूर कुठं जाणार? मला शास्त्र येत होतं ना. निखाऱ्यातून काय निघतं, बंद खोलीत जळणारी प्रत्येक गोष्ट काय खाते, हे मी मुलींना फळ्यावर काढून शिकवत होते. ते सगळं मला त्या बाजल्यावर पडून पाठ म्हणता येत होतं आणि एवढी वाकळ काढायला हात पोचत नव्हता. अंगात ताकद नव्हती. पोर कुशीत, इवलीशी, मुलगी. तिचा श्वास मांजरीच्या पिल्लासारखा भरभर चालायचा. मी अक्काताईंना सांगून बघितलं. त्या म्हणायच्या, "बाई, वारं लागंल. वारं लागलं की जन्माचं दुखणं." श्रेणिकला आत यायची बंदी होती, तो दाराशी उभा राहून विचारपूस करायचा, दाराच्या फटीतून त्याचा एक डोळा आणि सदऱ्याची बाही तेवढी दिसायची. त्याला मी म्हटलं. मोठ्यानं बोलायचं बळ नव्हतं, म्हणून हळू म्हटलं, की अहो, एवढी खिडकी उघडा की, मला आत कोंडतंय. तो म्हणाला, मी अक्काला सांगतो. आणि गेला. त्यानं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. खिडकी उघडली नाही. पोरगी बारशाच्या आधीच गेली.

मी असं म्हणत नाही की ती धुरानं गेली. डॉक्टर म्हणाले होते की कमी दिवसांची होती, राहणार नव्हतीच. असेल. मी शास्त्राची बाई, पुराव्यावाचून बोलणार नाही. पण पुरावा नाही म्हणून विसरायचं का? तिला नाव नव्हतं, त्यामुळं तिच्याविषयी बोलायचं तर कुठल्या शब्दानं सुरुवात करायची हेच कुणाला कळायचं नाही, आणि म्हणून कुणी बोललंच नाही. वाकळ उन्हात टाकली गेली, बाजलं माळ्यावर गेलं, मी पुन्हा शाळेत रुजू झाले. श्रेणिक माझ्याशी त्याविषयी अवाक्षर बोलला नाही. मला वाटायचं की तो विसरला. पुरुष विसरतात, असं मी स्वतःला सांगितलं होतं, आणि त्या विसरण्याबद्दल मनातल्या मनात त्याला माफही करून टाकलं होतं. आता कळलं की तो काही विसरला नव्हता. तो सगळं जपून ठेवत होता. विसरला असता तर परवडलं असतं.

कारण एकदा त्या वाक्यानं माझे डोळे उघडल्यावर मला पडद्यावर ती खोलीच दिसायला लागली. यानात शेगडी होती. मला सांगा, चंद्राच्या यानात शेगडी कशाला? बयाबाईच्या कानाला फडकं बांधलं होतं. नवऱ्याशी ती बोलत होती तेसुद्धा एका फटीतून, यंत्रखोली आणि राहायची खोली यांच्यामधल्या दाराच्या फटीतून, आणि तिकडून त्याची फक्त बाही दिसत होती. एवढं बारीक त्यानं बघितलं होतं. एवढं बारीक लिहून घेतलं होतं, आणि मग ते सगळं बयाबाईच्या हातात देऊन तिला सांगितलं होतं की आता डोळे गोल कर, ओठ पुढं काढ आणि लोकांना हसव. बयाबाईचा काही दोष नाही, ती पोटासाठी डोळे गोल करते. पुढं त्या यानातला म्हातारा प्रोफेसर बोट नाचवत बयाबाईला म्हणाला, "बाई, वारं लागंल. वारं लागलं की जन्माचं दुखणं." आणि शेड पुन्हा फुटली. अक्काताई तर वाकून वाकून हसल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय येडं म्हातारं हाय बगा." त्यांचंच वाक्य. त्यांच्याच तोंडचं, तसंच्या तसं. आणि त्यांना त्याची गंधवार्ता नाही. मला वाटलं, उठावं आणि झरोक्यातलं पोतं ओढून काढावं, होऊ दे उजेड, जाऊ दे त्या पडद्यावरचं सगळं. उठले नाही. बायकांची रांग, पुढं बायका, मागं बायका, कुणाच्या तरी पदरावर माझा पाय. तशीच बसून राहिले.

चित्र संपल्यावर बाहेर अंगणात चहा आणि भडंग. हंबीरराव एकेकाला विचारत फिरत होते. पावणं, काय वाटलं? लोक मोठमोठ्यानं सांगत होते. तालमीतला कृष्णात म्हणाला की चंद्रावरची माणसं लई किडकिडी हाईत, एका फटक्यात गार हुतील, जरा तब्येतीची माणसं घ्या. एका टांगेवाल्याला म्हैस आवडली होती, कारण चंद्रावर म्हैस हाय म्हंजे दूध हाय, म्हंजे माणूस ऱ्हाऊ शकतंय. कुणी काहिलीचं कौतुक केलं. पण सगळ्यांचं शेवटी एकच, की ती खिडकीवाली बाई फसकलास. ती पुढच्या भागात पाहिजेच. हंबीररावांचा चेहरा गुळाच्या ताज्या ढेपेसारखा चमकत होता. त्यांनी तिथल्या तिथं हुकूम सोडला की प्रत्येक भागात त्या बाईनं खिडकी उघडा म्हणायचं. चंद्रावर उतरली तरी म्हणायचं, चंद्राच्या राजाला म्हणायचं, परत येताना म्हणायचं. श्रेणिक त्यांच्या बाजूला हातात कप धरून उभा होता आणि माझ्याकडं सोडून सगळीकडं बघत होता. मग हंबीररावांना मी दिसले. "मास्तरीणबाई, तुमी सांगा," ते म्हणाले, "तुमी शास्त्र शिकिवता. तुमास्नी काय वाटलं?" सगळे वळले. आता बोलायचं होतं मला. तोंडात सगळं आलं होतं. आणि मी म्हणाले, चंद्रावर हवा नसते. लोक इतके हसले की कृष्णातच्या हातातला चहा सांडला. त्यांना वाटलं, मी बयाबाईलाच उत्तर दिलं.

घरी येताना अक्काताई सबंध रस्ताभर सिनेमा सांगत होत्या, जणू आम्ही बघितलाच नव्हता. आमच्याकडं, जैनांच्यात, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळं त्या तरातरा पुढं गेल्या, आणि मी श्रेणिकला रंकाळ्याच्या कडेला थांबवलं. लोक फिरायला आले होते, म्हणून आवाज चढवता येत नव्हता. मी त्याला एवढंच सांगितलं की ते वाक्य काढा. त्यानं मला विचारलंसुद्धा नाही, कोणतं. तो म्हणाला की आता निघणार नाही, हंबीरराव काढू देणार नाहीत. मग म्हणाला की त्यानं ते हसवायला लिहिलं नव्हतं. त्यानं लिहिलं तेव्हा ती बाई खरीच गुदमरत होती, नवरा दाराशी उभा राहतो आणि काही करत नाही, असं होतं. वाचन झालं तेव्हा बयाबाईनं ते म्हटलं आणि कारागीर हसले, आणि एकदा हसले म्हटल्यावर संपलंच. मी विचारलं, मग तुम्ही तिथं काय करत होता? तर म्हणाला की तोही हसला. त्याला बरं वाटलं, म्हणाला. इतकी वर्षं ते छातीवर बसलं होतं, आणि सगळे हसले तेव्हा जरा हलकं झालं. "मीही होतो ना गं तिथं, दाराशी," तो म्हणाला. "मी कुठं ठेवायचं होतं ते?" एखादी दुसरी बाई या ठिकाणी विरघळली असती. मीही अर्धी विरघळले, नाही कशाला म्हणू? पण त्याच्यामागून राग आला आणि तो मोठा होता. अहो, हलकं करायचं होतं तर माझ्याजवळ करायचं. माझ्याजवळ बसून रडायचं होतं एकदा. घरात बायको बसलेली, ती बोलायला माणूस शोधतेय, आणि हा गडी आपलं दुःख टांगेवाल्यांना नेऊन देतो, तेही माझ्या शब्दांत! "ते तुमचं नव्हतं," मी म्हणाले. "तुम्ही ऐकलंत म्हणून ते तुमचं झालं नाही." तो जेवायला उशीर होतोय म्हणाला, आणि आम्ही घरी गेलो.

शुक्रवारी चित्र लागलं आणि गावात दुसरा विषय उरला नाही. मी अतिशयोक्ती करत नाही. टांग्यात चौथं माणूस चढलं की टांगेवाला म्हणायचा, खिडकी उघडा की. भाजीवाली बाळाबाई, जिच्याकडं मी वर्षानुवर्षं मेथी घेते, ती गिऱ्हाइकांची गर्दी झाली की पदरानं वारा घेत तेच म्हणायची आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावायची, कारण माझ्या घरच्यांनी ते लिहिलंय हे तिला ठाऊक. तिला मी काय सांगू? वर्गात हवा आणि ज्वलनाचा धडा आला. मी बरणी, मेणबत्ती, झाकण सगळं मांडलं. झाकण ठेवल्यावर ज्योत लहान होत होत विझते, हे दाखवायचं होतं. ज्योत विझायला लागली आणि मागच्या बाकावरून बारीक आवाजात आलं, अहो, एवढी खिडकी उघडा की. चाळीस मुली पोट धरून हसल्या. गोड पोरी हो, वाईट एकही नाही. मी खडू खाली ठेवला आणि फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. मुलींना वाटलं, बाईंनाही हसू आलंय. मला त्या वेळी कुणाचा राग आला म्हणाल तर सगळ्या गावाचा आला. माणसं हसतात, ठीक आहे. पण एक बाई कोंडतंय म्हणते आणि हजार माणसांतल्या एकालाही वाटत नाही की तिला खरंच कोंडत असेल? हजारांत एकाला? यान खोटं, चंद्र खोटा, म्हैस तेवढी खरी, आणि बाईचा श्वास मात्र विनोद. हे कुठलं शास्त्र?

घरात वेगळाच प्रकार सुरू झाला. दुसरा भाग लिहायचा होता, आणि श्रेणिकला काही सुचत नव्हतं. पूर्वी तो माडीवर बसून लिहायचा. आता पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात यायचा आणि उंबऱ्यावर टेकायचा. मी आणि अक्काताई बोलत असलो की त्याचा तांब्या तोंडाशी तसाच राहायचा. मी एकदा भाकरी उलटताना हात भाजला आणि आई गं म्हणाले, तर मला वाटलं की आता हेही जाणार चंद्रावर. मी बोलणं कमी केलं. मीठ द्या, दार लावा, एवढंच. शब्द मोजायला लागले. माझ्याच घरात, माझ्याच चुलीपुढं बसून मी गप्प राहायला शिकले, आणि तो म्हणायचा की तू हल्ली रागावलेली असतेस. असतेस! जसं काही मला अधूनमधून सर्दी होते.

हे कुठवर चाललं असतं कोण जाणे. त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दिवस कलला होता, जेवण उरकायची घाई होती. लाकडं ओली होती, चूल धुमसत होती, आणि स्वयंपाकघरात धूर भरला होता. अक्काताईंनी डोळे चोळले, माझ्याकडं बघितलं, बयाबाईसारखे ओठ पुढं काढले आणि म्हणाल्या, "अहो, एवढी खिडकी उघडा की." आणि हसायला लागल्या. गळ्याची शपथ, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. सुनेला हसवायचं होतं त्यांना. बरेच दिवस सून गप्प होती. मी ताटावरचा हात काढला. म्हणाले, "अक्काताई, ती बाई मी आहे." त्या हसतच होत्या. कंची बाई, म्हणाल्या. मी म्हणाले, "मागच्या खोलीत मी म्हटलं होतं ते. पोरगी कुशीत होती तेव्हा. आणि वारं लागंल म्हणणारा तो म्हातारा आहे ना, ते तुम्ही."

हसणं एकदम थांबलं नाही, हळूहळू उतरलं. ओठ तसेच पुढं राहिले आणि मग मागं गेले. त्यांनी श्रेणिककडं बघितलं. तो ताटात बघत होता. मला वाटलं, आता ओरडतील, घराची अब्रू वेशीवर टांगली म्हणतील, उठून जातील. त्यांनी तसं काही केलं नाही. अक्काताई आमच्या भागातल्या जुन्या बायकांसारख्या स्वतःविषयी बोलताना आलो, गेलो, असंच म्हणतात. त्या भाताकडं बघत म्हणाल्या, "मी बी म्हणालो हुतो."

मला आधी कळलंच नाही. काय म्हणाला होता, असं मी विचारलं. "हेच की. खिडकी उघडा म्हणून. त्याच खोलीत. ह्याच्या आदीची दोन," त्यांनी हनुवटीनं श्रेणिककडं दाखवलं, "तवा म्हणालो हुतो. सासूबाईस्नी." श्रेणिकच्या आधी दोन पोरं होऊन गेली होती हे मला त्या घरात येऊन इतकी वर्षं झाली तरी कुणी सांगितलं नव्हतं. त्यालाही ठाऊक नसावं, कारण त्यानं झटकन मान वर केली. आणि मला सांगा, या ठिकाणी मला काय वाटायला हवं होतं? दया? माया? वाटली असेल, तळाशी कुठंतरी. पण पहिला उसळला तो राग. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले. "आत कसं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं." "हुतं की," त्या म्हणाल्या. "आणि तरी वाकळ कोंबलीत." त्यांची बोटं भातात होती, ती तशीच राहिली. मग त्यांच्या तोंडाला काहीतरी व्हायला लागलं, हनुवटी हलायला लागली, आणि मला दिसलं की या बाईला आता बोलायचं आहे, इतक्या वर्षांचं काहीतरी वर येतंय, आणि ते काय आहे हे मला ऐकायचं होतं. ते माझ्यासाठी होतं. शिव्या असोत, रडणं असो, काय असेल ते, पण माझ्यासाठी होतं.

आणि तेवढ्यात श्रेणिक म्हणाला, "मग तुझी सासू काय म्हणाली, अक्का?"

हळू विचारलं त्यानं, मायेनंच विचारलं. मुलानं आईला विचारावं तसंच. पण तो आवाज मला माहीत होता. चंद्रावर हवा नसते तर मग काय असतं, हे तो मला ह्याच आवाजात विचारायचा. मी म्हणाले, "तुम्ही उठा." तो म्हणाला, काय? मी म्हणाले, "उठा आणि बाहेर जा. माडीवर नको, घराबाहेर." तो म्हणाला की ताटावरून उठवतेस, दिवस मावळला तर आता उपाशी राहीन मी. राहा, मी म्हणाले. त्याचा चेहरा पडला. मग त्याला समजलं. "मी नाही लिहिणार हे," तो म्हणाला. "शपथ घेतो." कदाचित खरंच लिहिलं नसतं. पण आम्हा दोघींचं बोलणं आमच्यातच राहावं यासाठी त्याच्या शपथेवर का अवलंबून राहावं? मी दाराकडं बोट केलं. त्यानं आईकडं बघितलं, ती काहीतरी बोलेल, सुनेला गप्प बस म्हणेल, म्हणून. अक्काताई म्हणाल्या, "जा, बाळ."

तो गेला. हात धुतल्याचा आवाज आला, मग वहाणांचा, मग रस्त्यावर कुणीतरी त्याला हटकल्याचा, काय लेखक, दुसरा भाग कवा? त्यानं काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. मी अक्काताईंच्या समोरून उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ताटं तशीच होती. माझा राग गेला नव्हता, अजूनही गेलेला नाही, पण त्यांचा खरकटा हात मी हातात घेतला आणि सांगा म्हणाले. त्या बोलायला लागल्या. काय बोलल्या ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.